लेकींची वंशावळ

चाळीसगावजवळ गौताळ्याच्या डोंगरकुशीत पाटणादेवीचे ठाणे आहे. तिथे सापडलेला तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख अभ्यासकांना प्रिय आहे तो भास्कराचार्यांमुळे. यादवराजा सिंघणाच्या दरबारातील ज्योतिषी चांगदेव याने आपल्या आजोबांच्या, म्हणजे भास्कराचार्यांच्या, ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून इथे मठ स्थापला, असे त्यात नोंदले आहे. हा लेख एकोणिसाव्या शतकात जगापुढे आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पहिल्याच तुकडीत बाहेर पडलेले वैद्य होते. शांडिल्य गोत्राच्या या विद्वान घराण्याच्या पिढ्या लेखात त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत ओळीने दिल्या आहेत. कवी कोण, ज्योतिषी कोण, राजाने कुणाला मान दिला, सारे आहे. वंशक्रम मात्र बापाकडून मुलाकडे जातो. खानदेशात दगडावर कोरलेली ही बहुधा सर्वांत प्रसिद्ध वंशावळ, आणि ती पुरुषांची आहे.

पुढची सात-आठशे वर्षे आपण हीच रीत चालवली. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत खानदेशातून गेलेल्या कुटुंबांच्या पिढ्यान्पिढ्या सापडतात, पण त्या मुख्यतः बाप, मुलगा, नातू अशाच चालतात. धुळ्यात देह ठेवलेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्यभर गावोगावच्या दप्तरांतून कागद गोळा केले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात १९२७ पासून ते जपत आहे. त्या कागदांत वतने आहेत, भाऊबंदकीचे तंटे आहेत, कुळकटी आहेत. घरातली आत्या, जिला आपल्याकडे फुई म्हणतात, ती वयाच्या कितव्या वर्षी आणि कशाने गेली, हे लिहून ठेवण्याचे कारण कुणालाच वाटले नव्हते.

ते कारण आज आहे. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या सरकारी दवाखान्यात एखादी बाई छातीत गाठ लागते म्हणून येते, तेव्हा केसपेपरावर काही प्रश्नांची उत्तरे भरली जातात. पाळी कितव्या वर्षी आली? पहिले बाळंतपण कोणत्या वयात झाले? मुले किती, त्यांना अंगावर किती दिवस पाजले? पाळी कधी गेली? आईला, बहिणीला, मावशीला, आत्याला कुणाला असा आजार होता का? बाई संकोचते, सोबत आलेली सासू मध्येच उत्तर देते, आणि शेवटच्या प्रश्नाला बहुतेक वेळा एकच उत्तर येते, "आमना घरमा कोनलेच नही व्हतं." हे साधे वाटणारे प्रश्न कुठून आले, कुणी प्रथम विचारले, मध्येच कोण विसरले आणि कुणी पुन्हा शोधून काढले, हे आपण आता क्रमाने पाहू.

स्तनातल्या गाठीची ओळख फार जुनी. इजिप्तमधल्या, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या एका पपायरसावर छातीच्या फुगवट्यांचे वर्णन आहे आणि उपाय नाही, असा स्पष्ट शेराही आहे. आपल्याकडे सुश्रुताने निदानस्थानात स्तनरोगांना जागा दिली आणि एक लक्षणीय विधान केले. कुमारिकांच्या स्तनांतील धमन्यांची तोंडे मिटलेली असतात, म्हणून त्यांना स्तनरोग होत नाहीत. गर्भिणी आणि प्रसूत स्त्रियांत ती उघडतात, म्हणून त्यांना होतात. सुश्रुताच्या डोळ्यांपुढे बाळंतिणीच्या स्तनातले गळू आणि सूज असावी, कर्करोग नसावा. पण स्तनाचा विकार आणि स्त्रीचे गर्भारपण यांची गाठ इतक्या आधी बांधली गेली होती, याची दखल आपण घेतली पाहिजे.

पुढचे वळण इटलीतले. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली निरनिराळ्या व्यवसायांतल्या माणसांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि १७१३ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. मठांत राहणाऱ्या जोगिणींमध्ये स्तनांचा कर्करोग फार आढळतो, असे त्याने त्यात नोंदले. सुश्रुताच्या विधानाच्या अगदी उलट हे निरीक्षण होते. ज्यांना मूल झाले नाही, त्यांनाच हा रोग अधिक होताना दिसत होता. सव्वाशे वर्षांनी व्हेरोना शहरातला शल्यवैद्य दोमेनिको रिगोनी-स्टर्न याने १७६० ते १८३९ या ऐंशी वर्षांच्या मृत्यूनोंदी चाळल्या आणि १८४२ मध्ये आपला निष्कर्ष मांडला. जोगिणींत स्तनाचा कर्करोग जास्त, तर लग्न झालेल्या बायकांत गर्भाशयाचा जास्त. त्याच्या गणितातल्या काही उणिवा विसाव्या शतकातल्या संख्याशास्त्रज्ञांनी दाखवल्या, तरी स्तनाविषयीचे निरीक्षण टिकले. हे सारे शक्य झाले ते त्या शहराने बायकांचे मरण, वय आणि कारण यांसह लिहून ठेवले होते म्हणून.

दुसरा धागा, रक्ताच्या नात्याचा, पॅरिसमध्ये सुरू होतो. पॉल ब्रोका हे नाव मेंदूतल्या वाणीच्या केंद्रामुळे वैद्यकात अमर झाले आहे. त्याच्या बायकोचे माहेर लुगोल घराण्याचे होते. आयोडीनच्या ज्या द्रावणाला आजही लुगोलचे नाव आहे, तो वैद्य ब्रोकाचा सासरा. अर्बुदांवरच्या आपल्या ग्रंथात, १८६६ साली, ब्रोकाने पत्नीच्या कुळातल्या चार पिढ्यांचा तक्ता दिला. १७८८ ते १८५६ या काळात त्या घरातल्या एकामागून एक स्त्रिया स्तनाच्या कर्करोगाने गेल्या होत्या. हा योगायोग नाही, काहीतरी वारशाने उतरते आहे, असे त्याने म्हटले. माझ्या मते आपल्या विषयाच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा कागद आहे, कारण यात कुणीतरी प्रथमच मायलेकींची वंशावळ मांडली. आणि तीही सासुरवाडीची! त्याच १८६६ साली ब्रनो गावात ग्रेगोर मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध छापून आला, ज्यात वारसा कसा उतरतो याचे नियम होते. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. हे दोन कागद एकत्र वाचले जायला सव्वाशे वर्षे लागली.

दरम्यान अंडाशयाचा संबंध उघड झाला. जर्मनीतल्या आल्बर्ट शिंट्सिंगर याने १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगात अंडाशय काढून पाहावेत अशी सूचना केली. तिच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. १८९५ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन याने तसे प्रत्यक्ष केले आणि पसरलेला रोग मागे हटलेला पाहिला. अंडाशय स्तनाला दुरून काय निरोप धाडतात, हे त्या वेळी कुणाला ठाऊक नव्हते. तो निरोप म्हणजे इस्ट्रोजेन हे संप्रेरक; त्याचा माग १९२३ मध्ये लागला.

आता आपण १९२६ या वर्षापाशी थांबू. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, राजवाडे धुळ्यात वारले. त्याच वर्षी लंडनमध्ये ब्रिटिश आरोग्य मंत्रालयाने डॉ. जॅनेट लेन-क्लेपॉन या बाईंचा अहवाल छापला. स्तनाचा कर्करोग झालेल्या ५०० आणि न झालेल्या ५०० स्त्रियांना त्यांनी एकसारखे प्रश्न विचारले होते. लग्न कधी झाले, मुले किती, अंगावर पाजले का, पाळी कधी गेली. केसपेपरावरच्या प्रश्नांचा पहिला पूर्ण संच तो हाच. आजारी आणि निरोगी अशा दोन गटांची तुलना करण्याची पद्धत आज साऱ्या जगातले साथरोगशास्त्र वापरते, तिच्या आरंभीच्या नमुन्यांतही या अहवालाचे स्थान आहे. उशिरा लग्न, कमी मुले आणि कमी स्तनपान यांनी धोका वाढतो, असे उत्तर निघाले. तीन वर्षांनी बाईंनी लग्न केले, विवाहित स्त्रीला सरकारी नोकरीत जागा नव्हती, आणि त्यांचे संशोधन तिथेच थांबले. पुढे कित्येक दशके त्यांचे नावही कुणी घेत नव्हते.

मग उंदरांचा काळ आला. काही जातींच्या उंदरांत माद्यांना पिढ्यान्पिढ्या स्तनांचा कर्करोग होई, आणि हा शुद्ध वारसाच असे सर्वांना वाटे. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन बिटनर याने अशा माद्यांची पिल्ले जन्मताच निरोगी जातीच्या मादीला पाजायला दिली, तेव्हा रोग कितीतरी कमी झाला. रक्तातून उतरते असे समजले जाणारे काहीतरी दुधातून उतरत होते. पुढे तो विषाणू निघाला.

या वळणावर मराठी माणसे रंगमंचावर येतात. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची सुरुवात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी झाली. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली कमल रणदिवे दाखल झाल्या. पुण्याच्या समर्थांच्या घरातल्या, ८ नोव्हेंबर १९१७ ला जन्मलेल्या, हुजूरपागेत शिकलेल्या कमलताईंचे वडील फर्ग्युसन कॉलेजात शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. मुलीने सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींवर पदव्युत्तर प्रबंध लिहिला. वनस्पतींच्या गुणसूत्रांवरून ती नजर माणसाच्या रोगाकडे वळली. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकायला गेल्या आणि परत येऊन त्यांनी मुंबईत देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगात वारसा, संप्रेरके आणि विषाणू या तिन्हींचा वाटा कसा गुंतलेला असतो, हे त्यांनी उंदरांच्या पिढ्या वाढवून तपासले. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध मांडणाऱ्या भारतातल्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते. १९६६ ते १९७० त्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राच्या संचालक होत्या, १९८२ मध्ये पद्मभूषण झाल्या. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणावर काम करत राहिल्या. शाळेच्या पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर धडा असावा असे मला मनापासून वाटते.

मुंबईत त्या वेळी आणखी एक कोडे होते. पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण शहरातल्या इतर समाजांपेक्षा ठळकपणे जास्त होते. लहान समाज, आपसांतच लग्ने, शिवाय लग्ने उशिरा आणि मुले कमी. वारसा म्हणावा की राहणी? १९७१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक निबंध आला. टाटातल्या डॉ. पेमास्टर आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या सत्यवती शिरसाट यांचा त्यात सहभाग होता. पारशी मातांच्या दुधात बिटनरच्या विषाणूसारखे कण अधिक दिसतात, असे त्यात म्हटले होते. जगभर खळबळ उडाली. पण माणसाच्या बाबतीत ही कल्पना टिकली नाही. कर्करोग झालेल्या आईचे दूध प्यायलेल्या मुलींना त्यामुळे जास्त धोका नसतो, हे पुढच्या अभ्यासांनी दाखवले. आपल्याकडच्या आयाबायांना हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण ही शंका अजून कानावर येते.

पहिल्या, बाळंतपणाच्या धाग्यावर १९७० हे मोठे वर्ष. हार्वर्डच्या ब्रायन मॅकमॅहन यांनी बोस्टनपासून तोक्योपर्यंत सात ठिकाणच्या हजारो स्त्रियांची माहिती एकत्र केली. मुले किती यापेक्षा पहिले मूल कोणत्या वयात झाले, हे अधिक महत्त्वाचे निघाले. पस्तिशीनंतर पहिलटकरीण झालेल्या स्त्रीच्या तुलनेत अठराच्या आत आई झालेल्या स्त्रीला धोका जवळपास एक तृतीयांश. कारणाचा उलगडा हळूहळू झाला. स्तनातल्या दूधनिर्मितीच्या पेशी पहिल्या पूर्ण दिवसांच्या गर्भारपणातच पक्व होतात. तोवर दर पाळीला संप्रेरकांच्या हाकेला ओ देत अपक्व पेशी विभागत राहतात, आणि प्रत्येक विभाजनात चूक होण्याला वाव असतो. मात्र मॅकमॅहन यांनी स्तनपानाचा काही उपयोग दिसत नाही असे म्हटले आणि लेन-क्लेपॉनबाईंचे ते उत्तर बाजूला पडले. २००२ मध्ये ३० देशांतले ४७ अभ्यास, रोग झालेल्या ५०,३०२ आणि न झालेल्या ९६,९७३ स्त्रिया, एवढा पसारा एकत्र केला गेला, तेव्हा बाई बरोबर ठरल्या. प्रत्येक बाळंतपणामागे धोका ७ टक्क्यांनी आणि अंगावर पाजलेल्या प्रत्येक बारा महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी कमी होतो. पाळी जितकी लवकर येते आणि जितकी उशिरा जाते, तितका धोका थोडा थोडा वाढतो, हेही पुढे याच गटाने मोजले.

आता हे आकडे घेऊन आपण खानदेशात परत येऊ. असोद्याच्या बहिणाबाई १८८० मध्ये जन्मल्या, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या, तीन मुलांची आई झाल्या आणि तिशीतच विधवा झाल्या. त्या पिढीच्या बाईचे आयुष्य लहान वयातल्या बाळंतपणांत आणि वर्ष-दोन वर्षांच्या अंगावर पाजण्यात जाई. मग काळ बदलत गेला. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १ एप्रिल १९३० पासून शारदा कायदा लागू झाला, मुलीच्या लग्नाचे वय १४ झाले आणि १९७८ मध्ये ते १८ वर आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या १९९२-९३ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या बाईला सरासरी २.९ मुले होत, २०१९-२१ च्या फेरीत १.७. शिक्षण, नोकरी, उशिरा लग्न, एक किंवा दोन मुले ही आपण झगडून मिळवलेली वाट आहे आणि तिच्याबरोबर धोक्याचे पारडेही सरकले. भारतात २०२२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळल्याचा जागतिक अंदाज आहे. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा तिथल्या खेड्यांत स्तनाचा कर्करोग मुंबईच्या मानाने कितीतरी कमी होता आणि गर्भाशयमुखाचा पुढे होता. रिगोनी-स्टर्नने जोगिणी आणि संसारी बायका यांत पाहिलेला फरक इथे शहर आणि खेडे यांत दिसत होता.

यावरून मुलींची लग्ने लवकर उरकावीत असा अर्थ कुणी काढला तर तो मोठा अनर्थ होईल. राज्यातल्या बालविवाहाचे प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत २०१९-२१ च्या पाहणीतही धुळ्याचे नाव होते. कोवळ्या वयातले बाळंतपण आईचा आणि बाळाचा जीव घेते, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोकाही वाढवते. शिवाय बाळंतपणानंतरची काही वर्षे स्तनाच्या कर्करोगाचा धोका तात्पुरता वाढतो, त्याचे संरक्षण फार उशिरा लागू होते. घ्यायचेच तर यातून स्तनपान घ्यावे. त्याला कुठलेच वावडे नाही.

ब्रोकाचा धागा १९९० मध्ये टोकाला पोचला. अमेरिकेतल्या मेरी-क्लेअर किंग सोळा-सतरा वर्षे स्तनाच्या कर्करोगाच्या वारशामागे लागल्या होत्या. अनेकांना तो मूर्खपणा वाटे. त्यांनी २३ मोठ्या कुटुंबांतल्या १४६ रुग्णांच्या वंशावळी मांडल्या आणि रोग लागण्याच्या वयानुसार ती कुटुंबे लावली. ज्या घरांत तरुणपणीच रोग झाला होता, तिथे सतराव्या गुणसूत्राकडे स्पष्ट बोट गेले. तो जनुक, ब्राका-१, १९९४ मध्ये हाती आला. पुढच्या वर्षी तेराव्या गुणसूत्रावरचा ब्राका-२. यांतल्या कोणत्याही एकात दोष घेऊन जन्मलेल्या स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास जाते, अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही असतो. एका कंपनीने या जनुकांवर घेतलेली मालकी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ जून २०१३ रोजी नाकारली. आपल्याकडे खारघरच्या टाटा केंद्रात, ॲक्ट्रेकमध्ये, वारशाने येणाऱ्या कर्करोगांवर काम चालते.

या जनुकांविषयीची एक गोष्ट आपल्या समाजाला अजून नीट उमगलेली नाही. दोष आईकडून जितका येतो तितकाच बापाकडूनही येतो. बाप निरोगी राहून तो मुलीला देऊ शकतो, प्रत्येक अपत्याला मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणजे आत्या आणि बापाची आई यांचा इतिहास मावशी-आजीइतकाच मोलाचा आहे. आणि लेक सासरी गेली की आपल्या वंशावळीतून पुसली जाते, तिची मुले दुसऱ्या आडनावाची होतात, तिच्या आजाराची बातमी "सोयरिकी मोडतील" या धास्तीने दाबली जाते. "कोनलेच नही व्हतं" हे उत्तर कित्येकदा म्हणूनच येते. दुसरी बाजूही तितकीच खरी. आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी एकीला हा रोग असेल तर धोका सुमारे १.८ पट, दोघींना असेल तर २.९ पट. तरीही रोग होणाऱ्या दर नऊ स्त्रियांतल्या आठ जणींच्या या जवळच्या नात्यांत कुणालाच तो झालेला नसतो. घरात नाही म्हणून गाठ अंगावर काढणे ही जीवघेणी चूक आहे.

तपासणी साधी असू शकते. मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून वीस वर्षे, टाटाच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने छाती तपासली. रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. सरकारच्या कार्यक्रमात आज तिशीपासून ही तपासणी आहे. आशाताई घरोघर जी प्रश्नावली भरतात तीत गाठ, रक्ताळ स्राव, आकारातला बदल यांची विचारणा आहे. घराण्यातल्या रक्तदाबाची, मधुमेहाची, हृदयविकाराची आहे. घराण्यातल्या स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगाची नाही. ब्रोकाच्या तक्त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाल्यावर तरी ती ओळ या कागदावर यायला हवी.

ती येईपर्यंत हे काम आपल्यालाच करावे लागेल. या दिवाळीला किंवा आखाजीला माहेरवाशिणी जमतील, तेव्हा घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईजवळ बसा आणि एक कागद भरा. आई, दोन्ही आज्या, मावश्या, फुया, बहिणी, चुलत-मामेबहिणी; कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला, कितव्या वर्षी झाला, कोणा पुरुषाच्या छातीत गाठ झाली होती का. पन्नाशीच्या आत कुणाला झाला असेल, किंवा एकाच बाजूच्या दोघी-तिघींना, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि जनुकीय सल्ल्याविषयी विचारा. कागदाच्या प्रती काढा आणि एक सासरी गेलेल्या प्रत्येक लेकीला द्या.